बंदुकीच्या दस्त्याची बखर

नवरात्र संपले की आमच्या घरी माळा आवरायचा असतो, आणि हे काम परंपरेने माझ्याकडे येते. शिडीवर चढायला मी हलका, आणि पडलोच तर फारसे काही मोडणार नाही, असे सौभाग्यवतीचे गणित. यंदा पितळेच्या घंगाळामागे गोणपाटात गुंडाळलेली एक लांबट वस्तू हाती लागली. सोडून पाहतो तो एक काळपट लाकूड, मागे रुंद, पुढे निमुळते, चापाच्या खाचेच्या जरा पुढे आडवे मोडलेले. धाकटा चिरंजीव खालून ओरडला, "बाबा, ही बॅट का?"

ती बॅट नव्हती. आजोबांच्या बंदुकीचा तो जुना दस्ता होता.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या आवारात मुलांचा किल्ला उभा राहिला होता. विटा, माती, गोणपाट, अळीव पेरलेले उतार, आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे. त्यांतला एक बंदूकवाला होता. त्याने बंदूक खांद्याला न लावता कमरेशी धरली होती, आणि मान ताठ ठेवून तो तिसरीकडेच पाहत होता. चिरंजीवांनी शंका काढली की, असा नेम लागेल कसा? इतिहासाच्या शिक्षकाला घरच्या माणसाने प्रश्न विचारणे हा तसा दुर्मीळ योग. मी उत्तर देऊ लागलो आणि ते लांबतच गेले. त्यातले काही इथे मांडतो.

दस्ता हा शब्द फारसीतला. दस्त म्हणजे हात. हातात धरायचा तो दस्ता. बंदूक अरबीतून आली, तर काडतूस आणि पिस्तूल पोर्तुगीजांच्या गलबतांतून. आमच्या कोकणाला ही पाहुणी मंडळी फार लवकर भेटली. चौलच्या खाडीत १५०८ साली तोफांची लढाई झाली, आणि १५४० च्या सुमारास कर्नाळा किल्ल्यासाठी पोर्तुगीज निजामशाहीच्या मदतीला धावले. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की डाव्या हाताला अंगठा वर केल्यासारखा जो सुळका दिसतो, तोच हा कर्नाळा.

त्या काळची बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. नळीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक ठेवायची, आणि पेटता तोडा चापाने खाली आणून रंजकाला भिडवायचा. एवढे होईपर्यंत समोरचा शत्रू वाट पाहत थांबला असेल तर गोळी सुटायची. पावसाळ्यात तोडा विझायचा आणि रंजक भिजायची. म्हणून आषाढ-श्रावणात बंदूक ही बहुधा भिंतीची शोभा.

पण आपला विषय नळीचा नाही, नळीमागच्या लाकडाचा आहे. देशी तोड्याच्या बंदुकीचा दस्ता सडपातळ आणि जवळजवळ सरळ असे. नळी त्यावर कड्यांनी किंवा तारेने आवळून बांधलेली. विलायती दस्ता मागे खाली कललेला आणि रुंद. यात कोण शहाणा आणि कोण अडाणी असा वाद नाही. बार उडाला की बंदूक नळीच्या रेषेत मागे येते. खांदा त्या रेषेखाली असला तर तोंड वर उसळते, रेषेतच असला तर सरळ धक्का बसतो. सरळ दस्त्याने उसळी कमी होते, परंतु मग डोळा नळीच्या पातळीवर आणायला मान फार वाकवावी लागते. कललेल्या दस्त्यावर मान सुखात राहते आणि उसळी वाढते. ही ओढाताण चारशे वर्षांपूर्वी होती आणि आजच्या यंत्रयुगातही ती मिटलेली नाही.

अकबर बादशहाला ही गोष्ट कळत असावी. त्याच्या बंदुकांची प्रतवारी लावलेली होती, आणि सर्वांत लाडक्या बंदुकीचे नाव होते 'संग्राम'. चितोडच्या वेढ्यात १५६८ साली तिनेच त्याने जयमलला टिपले. बादशहाला निवडीला शेकडो बंदुका होत्या. साध्या बरकंदाजाला जी हाती पडेल ती. दस्ता लांब झाला तर त्याने हात लांब करावा, आखूड झाला तर खांदा पुढे घ्यावा. माणसाने हत्याराच्या मापाचे व्हायचे, हाच शिरस्ता.

कर्नाळ्याचेच घ्या. पुरंदरच्या तहात १६६५ साली जे तेवीस किल्ले मोगलांना गेले त्यांत हा होता. १६७० साली महाराजांच्या माणसांनी तो परत घेतला, तेव्हा एकदम धावून न जाता, मातीचे आडोसे रचीत, एकेक टप्पा पुढे सरकत ते गेले. का, ते किल्ल्याच्या वाटेने चढताना समजते. वरचा बंदूकवाला तटाच्या जंगीवर नळी टेकवून बसलेला; टेकण मिळाले की वाईट दस्त्याची बंदूकही बरी चालते. खालच्याला टेकण नाही, त्याला आपल्याच हाडांवर बंदूक तोलायची. मुलांना सहलीला नेतो तेव्हा मी त्यांना जंगीतून खाली पाहायला लावतो. एरवी त्यांचे लक्ष माकडांकडे असते.

पुढे चकमकीची बंदूक आली आणि तिच्यामागून कवायत आली. पानिपतावर १७६१ साली इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी, त्यानंतर महादजी शिंद्यांचा द बॉयन आणि आग्र्याला बंदुकांचा कारखाना घालणारा सँगस्टर साहेब. शेकडो माणसांनी एका हुकुमासरशी बार काढायचा, तेव्हा एकट्यादुकट्याच्या नेमाला किंमत उरली नाही आणि दस्तेही सगळे एकाच मापाचे झाले. कर्नाळा १८१८ साली कर्नल प्रॉथरच्या स्वाधीन झाला आणि आमच्या भागातला बंदुकीचा राजकीय संसार आटोपला. आटोपला म्हणतो खरा, पण कर्नाळ्याच्या पायथ्याशी शिरढोण आहे, आणि ४ नोव्हेंबर १८४५ रोजी तिथे वासुदेव बळवंत फडके जन्मले. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात त्यांनी कारकुनी केली. सरकारच्या बंदुकांचा खर्च कागदावर मांडणारा हा माणूस १८७९ साली रामोश्यांना घेऊन त्याच सरकारविरुद्ध उठला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७८ साली, लिटनसाहेबाने हत्यारांचा कायदा करून परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरवले होते. फडक्यांना जुलै १८७९ मध्ये पकडले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. शिरढोणचा त्यांचा वाडा आमच्या शाळेपासून लांब नाही.

त्या कायद्यानंतर खेड्यात राहिली ती परवान्याची, पीकरक्षणाची ठासणीची बंदूक. आजोबांकडे होती ती अशीच, तोड्याऐवजी टोपीवर चालणारी. भात पोटरीला आले की रानडुकरे उतरत, आणि आजोबा मचाणावर बसत. ही बंदूक त्यांनी ज्यांच्याकडून घेतली ते गृहस्थ चांगले उंचेपुरे. आजोबा पाच फूट दोन इंच. बारा महिने डुकरे सुरक्षित राहिली. आजोबा म्हणत, नळी वाकडी आहे. एके रात्री मचाणावरून बंदूक खाली पडली आणि चापाजवळ, जिथे लाकूड सर्वांत जास्त कोरलेले असते, तिथेच दस्ता मोडला.

त्या काळी पनवेल बैलगाड्यांच्या चाकांसाठी नावाजलेले होते. घाटावरून आलेला गाडीवान जाताना पनवेलची चाकजोडी घेऊन जाई, अशी ख्याती. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि वरून लोखंडी धाव, हे ज्याला जमते त्याला लाकडाची नस कळते. अशाच एका चाकवाल्या मिस्त्रींकडे आजोबा मोडका दस्ता घेऊन गेले. मिस्त्रींनी तुकडे जुळवून पाहिले, बाजूला ठेवले आणि म्हणाले, "भाऊ, हात पुढं करा जरा. कोपरात वाकवा." शिंप्याने बाहीचे माप घ्यावे तसे त्यांनी कोपराच्या आतल्या लवणापासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत सुतळी धरली, तिला गाठ मारली, आणि मग तीच सुतळी जुन्या दस्त्यावर लावली. दोन बोटे जास्त निघाली.

"नळी वाकडी नाही, भाऊ. बंदूक दुसऱ्याची आहे."

नवा दस्ता शिसवीचा झाला, दोन बोटे आखूड. गालाशी लाकूड जरा उंच ठेवले, कारण आजोबांचा चेहरा उभट होता. त्या हंगामात पहिले डुक्कर पडले. पुढे १९६८ साली कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य झाले, १९७२ चा वन्यजीव कायदा आला, आणि आजोबांच्या पश्चात वडिलांनी बंदूक पोलिसांत जमा केली. मोडका दस्ता मात्र कोणी मागितला नाही, म्हणून तो माळ्यावर राहिला.

मिस्त्रींची सुतळी हे काही एकट्या पनवेलचे गुपित नव्हते. ब्रिटिश फौजेची जी ली-एनफिल्ड रायफल, आपली 'थ्री-नॉट-थ्री', तिचा मागचा दस्ता चार लांबींत निघे: लाँग, नॉर्मल, शॉर्ट आणि सर्वांत ठेंगण्यासाठी बँटम. नॉर्मलपेक्षा लाँग अर्धा इंच लांब, शॉर्ट अर्धा इंच आखूड. शिपायाची उंची आणि हात पाहून दस्ता बसवायचा. बादशहाची चैन अशी साडेतीनशे वर्षांनी शिपायाच्या वाट्याला आली.

यानंतर आली आपोआप भरणारी रायफल. सुटलेल्या गोळीमागचा थोडा वायू नळीतून वळवून घ्यायचा, त्याच्या जोराने रिकामे काडतूस बाहेर फेकायचे आणि नवे आत ओढायचे. माणसाने फक्त चाप ओढायचा, एका ओढीला एक गोळी. १९६२ च्या चिनी युद्धात आपले जवान थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. त्यानंतर ईशापूरची सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे एसएलआर, फौजेत रुळली. हाती बोल्ट ओढायच्या रायफलीत दर गोळीमागे माणूस थांबतो, गाल पुन्हा बसवतो, श्वास सावरतो. आपोआप भरणारीत ती सवड नाही. गाल लाकडावरून निसटला असतानाच दुसरी गोळी तयार असते. म्हणून अशा रायफलीने अचूक नेम साधायचा तर दस्ता असा हवा की धक्का बसून रायफल परत येईल ती त्याच जागी, डोळा त्याच रेषेत. निशाणाची दुर्बीण बसवली तर आणखी पंचाईत: दुर्बीण माशीपेक्षा उंच असते (नळीच्या टोकावरच्या त्या खुणेला आपल्याकडे माशीच म्हणतात), तेव्हा गालालाही उंची द्यावी लागते. नाही दिली तर हनुवटी टेकते, मान तरंगते आणि प्रत्येक बाराला डोळा नवी जागा शोधतो.

लाकडाचे आणखी एक दुखणे आम्हा कोकणकरांना सांगायला नको. आषाढात दारे फुगतात, तसा दस्ताही फुगतो आणि नळीला कुठेतरी दाबतो. केसभर दाबली तरी दूरच्या निशाणावर गोळी सरकते. म्हणून आता नेमबाजीच्या रायफलीत नळी पुढे मोकळी ठेवतात; नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाचा चिटोरा न अडकता सरकला पाहिजे, ही साधी परीक्षा. ज्या नळीला आपल्या पूर्वजांनी कड्यांनी आवळले, तिला आता स्पर्शही चालत नाही. आपोआप भरणारीत यंत्र दर बाराला दस्त्यात आदळते, म्हणून त्या दोघांचा सांधा तेवढाच घट्ट हवा. पुढे मोकळे, मागे घट्ट. लाकडाची जागा पुष्कळ ठिकाणी ॲल्युमिनियमने आणि प्लास्टिकसारख्या द्रव्याने घेतली, ती यासाठी. दिसायला ते मला आवडत नाही. पण पाऊस माझी आवड विचारत नाही.

दस्ता निवडताना यंत्राच्या पोटातही पाहावे लागते. एसएलआरची परतीची स्प्रिंग दस्त्याच्या आत असते. आमच्या मिस्त्रींनी तो कापायला घेतला असता तर स्प्रिंगने त्यांच्या कपाळाची चौकशी केली असती. याउलट रशियन ड्रॅगुनोव्ह, जी आपल्या फौजेतही आहे. तिचा कर्ता येव्गेनी ड्रॅगुनोव्ह मूळचा खेळाच्या नेमबाजीच्या रायफली बनवणारा. तिची स्प्रिंग वरच्या पेटीत असल्यामुळे त्याला दस्ता मोकळेपणी कोरता आला: मध्ये मोठे भोक, अंगठ्याला जागा, मनगटाला नैसर्गिक कल, आणि दुर्बिणीसाठी वर चढवायची गालाची गादी. १९६३ साली ती सोव्हिएत फौजेने स्वीकारली. खेळाच्या मैदानावरचे शहाणपण युद्धात गेले ते असे.

आता माझी गोष्ट सांगितली पाहिजे. टाळावी असे वाटत होते.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेला, कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. पण शाळेत एनसीसीच्या मुलांबरोबर गोळीबाराच्या सरावाला जायचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते. अठरा वर्षांपूर्वी नववीतली एक मुलगी माझ्या तुकडीत होती. अंगाने लहान, बोलायला कमी. पॉइंट टू-टू रायफल, लांबी ४३ इंच, वजन ६ पौंड २ औंस, हे सर्वांना तोंडपाठ असायचे. ती पालथी पडली, पाच गोळ्या झाडल्या, पाचही डावीकडे. दुसऱ्या खेपेला पुन्हा डावीकडे. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझा हात हलतो. घाबरतेस तू. हे तुझे काम नाही." ती काही बोलली नाही. पुढच्या वर्षी तिने नाव घातले नाही. मला त्याची आठवणही राहिली नसती.

नंतर काही वर्षांनी एका विद्यार्थ्याला घेऊन पनवेलच्या कर्नाळा क्रीडा अकादमीत जाण्याचा योग आला. तिथे ऑलिंपिक खेळलेल्या सुमा शिरूर यांनी 'लक्ष्य' हा नेमबाजी क्लब उभा केला आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकची ही नेमबाज. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० करून त्यांनी जागतिक विक्रमाची बरोबरी केली होती. दहा मीटर अंतर, साडेचार मिलिमीटरची छर्‍यासारखी गोळी, आणि 'दहा' म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. या खेळातली रायफल आपोआप भरत नाही, एकेक गोळी हाताने भरायची. पण तिच्या दस्त्याकडे मी पाहतच राहिलो. मागची पट्टी मागेपुढे आणि वरखाली होते, गालाची गादी चढते-उतरते, मूठ वळते, हाताखालचा टेकू सरकतो. एक बारा-तेरा वर्षांची पोर उभी होती. शिकवणाऱ्याने तिच्या नेमाबद्दल चकार शब्द काढला नाही. खिशातून लहानशी किल्ली काढली, मागची पट्टी आत घेतली, गादी जरा उचलली आणि म्हणाला, "आता बघ."

मी विचारले, दस्ता लांब असेल तर काय होते? तो म्हणाला, "मान मागे राहते, बोटाचे फक्त टोक चापाला लागते. चाप सरळ मागे येत नाही, बाजूला ढकलला जातो. उजव्या हाताचा असेल तर गोळ्या डावीकडे जातात."

घरी येईपर्यंत मी कोणाशी बोललो नाही. आजोबांच्या सुतळीची गोष्ट मी वर्गात दहा वेळा सांगितली होती. पोरे हसायची. सुतळी माझ्या खिशात होती आणि मी ती कोणाच्या हाताला लावली नाही.

२०२१ साली टोकियोत अवनी लेखराने व्हीलचेअरवर बसून सुवर्णपदक जिंकले. तिच्या प्रशिक्षक आमच्या पनवेलच्या सुमाताई. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, रेल्वेतला तिकीट तपासनीस, पन्नास मीटर तीन आसनांच्या प्रकारात कांस्यपदक घेऊन आला. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर महाराष्ट्राला असा दिवस बहात्तर वर्षांनी दिसला. गुडघ्यावर, पालथे आणि उभे, अशी ती तीन आसने. प्रत्येक आसनाला शरीराची मापे बदलतात, म्हणून एकाच सामन्यात दस्ता पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. शाळेत आम्ही पेढे वाटले. मला ती नववीतली मुलगी आठवली.

परवा, सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी, आजोबांचा दस्ता मी वर्ग दाखवायला शाळेत नेला होता. मधल्या सुट्टीत एक बाई मुलीचे हात धरून शिक्षकखोलीच्या दारात आल्या. मुलीला पहिलीत घालायचे होते. "सर, ओळखलंत?" मी ओळखले. उंची तेव्हापेक्षा फार वाढलेली नव्हती.

दाखल्याचे बोलणे झाल्यावर मी अडखळत सांगितले की, त्या दिवशी मी जे बोललो ते चूक होते. रायफल तुझ्या मापाची नव्हती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माहीत होतं, सर. माझा हात हलत नव्हता. मी रोज घरी उलथनं धरून पाहायचे."

मुलगी टेबलावरच्या लाकडाला हात लावू लागली होती. आईने ते उचलले, हे काय म्हणून विचारले, आणि मी मिस्त्रींची परीक्षा सांगितली. तिने दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या लवणात बसवला आणि तर्जनी चापाच्या खाचेकडे नेली. बोट पोचले नाही.

"अजून दोन बोटं कमीच, सर," ती म्हणाली, आणि दस्ता मुलीच्या हातात दिला.